समाजशास्त्रातील पीएचडी : विषयापासून प्रश्नापर्यंत

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत प्रबंधांच्या कपाटासमोर उभे राहिले की एकाच घडणीची शीर्षके पुन्हा पुन्हा भेटतात. अमुक जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे समाजशास्त्रीय अध्ययन. तमुक तालुक्यातील महिला बचत गट : एक चिकित्सक अभ्यास. यांतले काही प्रबंध फार चांगले असतात, पण शीर्षकावरून ते कळायला वाव नसतो. ही विषयांची नावे आहेत. संशोधकाला काय शोधायचे होते, याचा त्यांत पत्ता लागत नाही. समाजशास्त्रात पीएचडी करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने सुरुवात इथून करावी. प्रवेश, गाइड, फेलोशिप या गोष्टी लागतातच आणि त्यांच्याकडे पुढे येतो. पण ज्या कामात आयुष्यातली चार-सहा वर्षे जाणार, ते मुळात विषयातून प्रश्न काढण्याचे काम आहे. तो प्रश्नही असा हवा, की ज्या माणसांविषयी तो विचारला आहे त्यांचे जगणे त्याला ‘नाही, असे नाही’ म्हणू शकेल.

प्रश्न म्हणजे काय, याचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण आपल्या घरचेच आहे, आणि ते प्रबंधही नव्हे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर या मानवशास्त्रज्ञाच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. त्यांची पदवी अर्थशास्त्राची. डॉक्टरेटचा विषयही सार्वजनिक वित्ताचा. पण या छोट्या निबंधात समाजशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याने गिरवावा असा धडा आहे. जातींविषयी तोवर ढीगभर लिहिले गेले होते. व्यवसाय, विटाळ, रोटीबंदी, वंश अशी लक्षणांची यादी प्रत्येक जण थोडी पुढेमागे करून मांडत होता. आंबेडकरांनी यादी बाजूला ठेवली आणि विचारले की जातीला जात म्हणून टिकवून धरते ते काय? उत्तर आले, जातीतल्या जातीत लग्न. मग लगेच दुसरा प्रश्न. हे बंधन टिकवायचे तर लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जातीच्या आत जुळती राहायला हवी. नवरा मेला तर बाई ‘जास्तीची’ होते, बायको मेली तर पुरुष. त्यांचे करायचे काय? सती, सक्तीचे वैधव्य आणि लहान मुलींची लग्ने या प्रथांना त्यांनी या कोड्याच्या जागी बसवून पाहिले, आणि जात टिकवणे व बाईवर ताबा ठेवणे ही एकाच यंत्रणेची दोन टोके असल्याचे दिसू लागले. पुढे समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी स्त्रीवादी अंगाने आंबेडकरांचे फेरवाचन केले, तेव्हा हाच निबंध त्यांनी अग्रभागी ठेवला. जवळजवळ शंभर वर्षांनीही तो कामाला आला, कारण त्यात माहिती थोडी असली तरी प्रश्नाला धार होती.

आता ऊसतोड कामगारांकडे परत येऊ. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मजूर पुरवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, ती टनाच्या मजुरीतून फिटते किंवा फिटत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एवढे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची वये, शिक्षण, उत्पन्न, घराचा प्रकार यांची कोष्टके करून पन्नास पाने भरता येतात, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच काम संपते. पण कोयता जोडप्याचा असेल, तर एकट्या पुरुषाची किंमत किती? उचल ज्याच्या हातात पडते तोच घरातले बाकीचे निर्णयही घेतो का? मुलगा कामाला लागायच्या वयात आला की त्याच्या लग्नाची घाई होते, ती नव्या कोयत्यासाठी की आणखी कशासाठी? समजा, संशोधक असे गृहीत धरून निघाला की उचलीचा बोजा जास्त तिथे मुलींची लग्ने लवकर होतात. गावात गेल्यावर त्याला कदाचित दिसेल की बोजाचा तसा संबंध नाही. आईबाप सहा महिने बाहेर असताना वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही चिंता लग्न उरकायला लावते. म्हणजे त्याचे गृहीतक पडले. इथे अनेक विद्यार्थी घाबरतात. खरे तर पीएचडी इथे सुरू झालेली असते.

मार्गदर्शकाचे गृहीतकही पडू शकते. इरावती कर्वे यांची गोष्ट यासाठी प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला माहीत असायला हवी. मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावन ब्राह्मणांवर एम.ए.चा प्रबंध लिहून त्या १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशांची उच्चनीचता विज्ञानाने सिद्ध होते असे मानणारे हे गृहस्थ, आणि पुढे नाझी राजवटीने ज्यांना डोक्यावर घेतले त्यांपैकी एक. मानवी कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते. या असमानतेचा वंशाशी आणि त्यातून बुद्धीशी संबंध आहे, हे फिशर यांना दाखवायचे होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला की वंशाचा आणि या असमानतेचा काही संबंध आढळत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, विशीतल्या एका बाईने आपल्या गाइडच्या सिद्धान्ताविरुद्ध मोजमापे मांडली. फिशर यांना ते रुचले नाही, पण १९३० मध्ये पदवी द्यावी लागली. हा प्रबंध शारीरिक मानवशास्त्रातला होता हे खरे. तरीही समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने पुराव्याशी कसे वागावे, ते यापेक्षा स्पष्ट मला कुठे दिसलेले नाही.

इरावतीबाई ज्या विभागातून गेल्या, तो मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख. त्यांनी हेरलेला संस्कृतचा तरुण अभ्यासक म्हणजे मालवणचे घुर्ये. केंब्रिजला मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे त्यांचे पीएचडीचे काम चालू होते. १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक गेले आणि ए. सी. हॅडन यांच्या देखरेखीखाली ते पुरे झाले. १९२४ मध्ये घुर्ये मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले आणि पुढची पस्तीस वर्षे देशभरातून आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विषय वाटून दिले. कुणाला कोळी, कुणाला एखादी जमात, कुणाला कुटुंबसंस्था, कुणाला शहरातले मजूर. भारतभर विखुरलेल्या समाजाची नोंद करायची, ही त्यामागची तळमळ होती. अक्षय रमणलाल देसाई यांच्यासारखा मार्क्सवादीही त्यांच्याच हाताखाली राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर प्रबंध लिहून गेला. गुरू-शिष्यांची मते उत्तर-दक्षिण होती, तरी काम अडले नाही. आजच्या विभागांनी ही गोष्ट मनावर घ्यावी असे मला मनापासून वाटते.

म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास हेही घुर्यांचेच विद्यार्थी. त्यांच्या बाबतीत असे काही घडले की जणू प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणावे. घुर्यांनी त्यांना आजच्या कर्नाटकातल्या कूर्गचे लोक हा विषय दिला. श्रीनिवासांनी चालीरीती, लग्नविधी, सण, घराणी, गाणी असे सारे गोळा केले आणि १९४४ च्या सुमाराला मुंबईची पीएचडी मिळवली. प्रबंध जाडजूड होता, माहितीने भरलेला. लगेच पुढे ते ऑक्सफर्डला गेले. तिथे मानवशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी त्यांना नवा विषय शोधू दिला नाही. याच कूर्ग सामग्रीकडे पुन्हा पाहा, म्हणाले. धर्मविधी आणि समाजरचना यांचा एकमेकांशी संबंध काय, तेवढे तपासा. श्रीनिवासांनी तेच विधी पुन्हा उलगडले. कोणत्या विधीत एकत्र कुटुंब जमते, कोणत्या विधीत गाव, कोणत्या वेळी जातीजातींमधले अंतर पाळले जाते आणि कोणत्या वेळी सगळ्यांचे सहकार्य लागते? पहिल्या प्रबंधात शेजारी शेजारी ठेवलेल्या नोंदी आता एकमेकींना उत्तरे देऊ लागल्या. १९४७ मध्ये ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळाली, तेव्हा रॅडक्लिफ-ब्राउन निवृत्त होऊन त्यांच्या जागी इव्हान्स-प्रिचर्ड आले होते. १९५२ मध्ये त्याचे पुस्तक झाले आणि खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलून आपले स्थान वर नेऊ पाहतात, ही ‘संस्कृतीकरणा’ची कल्पना त्यातून पुढे आली. शब्दप्रमाणासारखी ती पुढे वापरली गेली, तिच्यावर टीकाही भरपूर झाली. पण कूर्ग तेच, सामग्री बव्हंशी तीच, माणूस तोच. बदलला तो प्रश्न.

यावरून घुर्यांची पद्धत हलकी ठरवण्याची एक रीत आपल्याकडे पडली आहे, ती मला पटत नाही. मुंबईत गोळा झालेली सामग्री नसती तर ऑक्सफर्डमध्ये प्रश्न कशाला विचारला असता? आधी पुष्कळ पाहावे लागते. एवढेच, की पाहिलेले सगळे लिहून काढले म्हणजे प्रबंध झाला असे समजू नये.

आता आजचा व्यवहार. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम सध्या पीएचडीला लागू आहेत. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाची, ही नेहमीची वाट. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवणाऱ्यालाही आता थेट अर्ज करता येतो. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. प्रवेश नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेवर, ज्याला विद्यार्थी ‘पेट’ म्हणतात, आणि नंतर मुलाखत. किमान काळ तीन वर्षे, कमाल सहा. त्यानंतर पुन्हा नोंदणी करून दोन वर्षे, आणि स्त्रिया व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. मुलाच्या जन्मासाठी व संगोपनासाठी स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे, त्यात संशोधनातील नीतिमत्तेचा भाग सक्तीचा. शोधपत्र छापून आलेच पाहिजे ही पूर्वीची अट आयोगाने काढून टाकली, आणि ते योग्य झाले असे माझे मत आहे. त्या अटीपायी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके माजली होती.

गाइडच्या बाबतीत आकडे कडक आहेत. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे ‘पेट पास आहे, पण गाइड मिळत नाही’ हे वाक्य दरवर्षी ऐकू येते. ज्याच्याकडे जागा आहे त्याच्याकडे जायचे आणि तो देईल तो टॉपिक घ्यायचा, अशी वेळ अनेकांवर येते. टॉपिक दिलेला असला म्हणून काही बिघडत नाही, श्रीनिवासांनाही तो दिलेलाच होता. पण नाव नोंदवण्याआधी त्या प्राध्यापकाचे निदान दोन लेख आणि त्यांच्या हाताखालचा एक प्रबंध वाचून पाहावा. तो वाचायला आता कुठे जावे लागत नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या ‘शोधगंगा’वर देशभरातले लाखो प्रबंध मोफत उघडता येतात. आपल्या विषयावरचे चार-पाच प्रबंध तिथे नीट वाचले की काय झाले आहे हे कळतेच, पण त्याहून उपयोगाचे म्हणजे कोणता प्रश्न कुणी विचारलाच नाही तेही लक्षात येते.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजगटांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. ती मिळावी आणि वेळेवर मिळावी यासाठी विद्यार्थ्यांना पुण्या-मुंबईत आंदोलनांना बसावे लागले आहे. ज्याच्या घरी पहिल्यांदाच कुणी एवढे शिकले आहे, त्याच्यासाठी हप्ता सहा महिने लांबणे म्हणजे फील्डवर्क सोडून तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवायला जाणे. प्रबंध का रखडतात, याचे खरे कारण पुष्कळदा इथे असते, आळशीपणात नव्हे. शिवाय जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा राज्यस्तरावरची सेट ही किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक. नोकरीसाठीच पदवी हवी असेल तर हा हिशेब आधी करावा.

फील्डवर्क हा समाजशास्त्राच्या पीएचडीचा गाभा आहे. त्याविषयी पद्धतिशास्त्राच्या पुस्तकांत नमुना निवड, मुलाखत अनुसूची, सहभागी निरीक्षण अशी प्रकरणे असतात आणि ती यायलाच हवीत. पण आपल्या गावांत पहिला प्रश्न संशोधक विचारत नाही, गाव विचारते : तुम्ही कुणापैकी? आडनावावरून अंदाज बांधला जातो आणि त्या अंदाजाप्रमाणे उत्तरे मिळतात. सरपंचाच्या ओसरीवर उतरलेल्याला दलित वस्तीत एक बोलणे ऐकू येते, आणि वस्तीतल्याच कुणाचे बोट धरून गेलेल्याला दुसरे. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरात राहिले, ते गावच्या पाटलाच्या आश्रयाने. आपण ब्राह्मण असल्यामुळे आणि कुठे उतरलो त्यामुळे गाव बरेचसे वरच्या जातींच्या बाजूने पाहिले, अस्पृश्य मानलेल्यांत मोकळेपणाने वावरता आले नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच नोंदवले. ज्यांचे पुस्तक देशभर शिकवले जाते त्या माणसाने हे लिहून ठेवले आहे, हे नव्या विद्यार्थ्याला धीर देणारे आहे. आपण कुठे उभे राहून पाहिले ते प्रबंधात लिहावे. त्याने प्रबंध दुबळा होत नाही, वाचणाऱ्याला तो तोलून घेता येतो.

रामपुरा हे त्या गावाचे खरे नाव नव्हे. नाव बदलण्याची ही प्रथा आपल्याकडे बरेच जण पाळतात, आणि पुढच्याच पानावर लिहितात की गाव अमुक तालुक्याच्या ठिकाणापासून बारा किलोमीटरवर आहे, तिथे एक साखर कारखाना आहे आणि लोकसंख्या इतकी आहे. तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही गाव ओळखू येईल. एखाद्या बाईने मुकादमाविषयी विश्वासाने काही सांगितले असेल, तर पुढच्या हंगामात त्याचे परिणाम तिने भोगायचे असतात. आपण तोवर शहरात चॅप्टर लिहीत असतो. संमतीपत्रकावर अंगठा घेतला म्हणजे ही जबाबदारी संपत नाही.

नोंदी त्याच दिवशी रात्री लिहाव्यात आणि त्यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, हा सल्ला कंटाळवाणा वाटतो. पण २४ एप्रिल १९७० रोजी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड येथे कुणीतरी लावलेल्या आगीत श्रीनिवासांची खोली जळाली आणि रामपुरावरच्या, अनेक वर्षे खपून तयार केलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती एकदम गेल्या. आठवणींच्या आधाराने त्यांनी पुस्तक लिहिले, ते १९७६ मध्ये आले आणि भारतीय समाजशास्त्रातल्या सर्वांत वाचनीय पुस्तकांत गणले गेले. कोष्टके जळाली म्हणून त्यात माणसे उरली, असे त्याबद्दल म्हटले जाते. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. अकरा महिने डोळे उघडे ठेवून पाहिलेले आणि अठरा वर्षे घोळवलेले होते, म्हणून ते आठवले.

लिहायला बसल्यावर सर्वांत जास्त वेळ खाते ते साहित्याच्या आढाव्याचे प्रकरण. देसाई यांनी असे म्हटले, श्रीनिवास यांनी तसे म्हटले, अशी एकाखाली एक रचलेली यादी म्हणजे आढावा नव्हे. आपल्या प्रश्नाचे आधीच्यांनी काय केले, कुठपर्यंत आणले, कुठे सोडले, एवढेच तिथे सांगायचे असते. प्रश्न पक्का असेल तर निम्मी यादी आपोआप गळते. उसनवारीबाबत आयोगाचे २०१८ चे नियम आहेत; दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने शिक्षा. संगणकाच्या अहवालात आकडा खाली आणण्यासाठी शब्द फिरवत बसण्याची वेळ ज्याच्यावर येते, त्याने ते प्रकरण पुस्तक मिटून पुन्हा लिहावे.

दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. इथे एक अडचण अशी की नोंदणीच्या वेळचे शीर्षक विद्यार्थ्याला बांधून टाकते. फील्डवर दुसरेच काही हाती लागले, तरी ‘मंजूर सिनॉप्सिसमध्ये हे नाही’ म्हणून ते बाजूला टाकले जाते. वास्तविक शीर्षकात बदल मागता येतो. त्यासाठी अर्ज, समितीची शिफारस आणि थोडी चिकाटी लागते. ती जरूर दाखवावी. ज्या समितीला सहा महिन्यांमागून सहा महिने जुनाच प्रश्न ऐकायला मिळतो आणि त्याला एकही नवा फाटा फुटत नाही, त्या समितीने खरे म्हणजे काळजी करायला हवी.

शेवटी प्रबंध मार्गदर्शकाखेरीज निदान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. दोघांचे अहवाल अनुकूल आले तर खुली मौखिक परीक्षा होते. एकाने नाकारला तर तिसऱ्याकडे जातो. व्हायवाला घाम फुटतो तो साध्या प्रश्नांनी : हीच गावे का घेतली? तुमच्या मताविरुद्ध जाणारी मुलाखत कोणती होती आणि तिचे तुम्ही काय केले? या दुसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे माणसाच्या नावागावासकट, म्हणजे बदललेल्या नावागावासकट, उत्तर असते, त्याचे काम परीक्षकाला लगेच कळते.

पदवीनंतर प्रबंध शोधगंगेवर चढतो आणि बहुतेकांचा त्याच्याशी संबंध तिथेच तुटतो. इरावती कर्वे जर्मनीहून आल्या आणि डेक्कन कॉलेजात बसून नातेसंबंधांच्या रचनेवर १९५३ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिला. पण त्याबरोबर पंढरीच्या वाटेवर दिंडीत चालताना एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात हे पाहून आलेली अस्वस्थताही त्यांनी मराठीत लिहिली, आणि ती समाजशास्त्राचे पुस्तक कधी हातात न धरलेल्यांनी वाचली. तीन परीक्षकांसाठी लिहिलेल्या प्रबंधातली दोन प्रकरणे तशी पुन्हा लिहायला वर्षभर पुरते. ऊसतोडीवरचा प्रबंध असेल तर हंगाम संपून माणसे घरी परततात त्या चैत्र-वैशाखात ती घेऊन गावात जावे आणि ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांना वाचून दाखवावीत; चुका सांगायला तेव्हा सगळे हजर असतात.